बाटली आडवी केली, आता दवाखाना उभा कसा करायचा?

ओवी६१ (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

२००९ साली आमच्या गावातल्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं. ज्यांना नियम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात. नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद होतं. झालेल्या मतदानापैकी नव्हे, नोंदलेल्यांपैकी! म्हणजे जी बाई घरी बसली ती आपोआप दुकानदाराच्या बाजूची. म्हणून आम्ही ऊसतोडीला गेलेल्या बायकांना फडावर जाऊन आणलं. एक बाळंतीण पंधरा दिवसांचं बाळ सासूकडे देऊन आली होती. दुकान बंद झालं ते आजवर बंद आहे.

आता दुसरी गोष्ट. मी शाळेतून निवृत्त झाले. गेल्या वर्षी मला गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत घेतलं. आषाढात एका रात्री माझ्या भाच्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. उपकेंद्राला कुलूप. रुग्णवाहिकेला फोन केला तर गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेवटी अडीच हजार देऊन जीप केली आणि ३४ किलोमीटर पावसातून गेलो. देवाच्या कृपेने दोघं सुखरूप. सकाळी सगळे म्हणाले, "सुटली बाई." आणि जो तो कामाला लागला.

मला झोप येईना. दुकान बंद करायला ज्या बायका चार महिने उन्हातान्हात फिरल्या, त्यातल्या निम्म्यांच्या सुना याच कुलपासमोर उभ्या राहिल्या आहेत. मग दारूसाठी जमलं ते दवाखान्यासाठी का जमत नाही? चळवळीत वाढलेली, काम केलेली मंडळी इथे आहेत. मला शिकवा.

---

सुपारी

शीर्षकालाच माझं मत. आणि मला नोंदलेल्या मतदारांत धरा, घरी बसणाऱ्यांत नको. वाचतोय.

---

डोंगरवाट

ओवीताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी पाच वर्षं लोकाधारित देखरेखीच्या (म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावानेच लक्ष ठेवायच्या) कामात गावं फिरलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात हे काम २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झालं : पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद. प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं, केंद्रामागे पाच गावं, अशी एकूण २२५ गावं. त्याआधी जन आरोग्य अभियानाने बरीच वर्षं जनसुनवाया, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायच्या जाहीर सभा, घेतल्या होत्या. त्या चळवळीची पद्धत सरकारी कार्यक्रमात आली, हे मला विशेष वाटतं.

पद्धत साधी होती. गावात बसायचं आणि विचारायचं : नर्सबाई महिन्यात किती वेळा येतात? लसीकरण ठरल्या दिवशी होतं का? औषध केंद्रात मिळतं की बाहेरची चिठ्ठी देतात? सुई टोचायला पैसे घेतात का? उत्तरांवरून गावाचं प्रगतिपत्रक करायचं. चांगलं तिथे हिरवा रंग, बरं तिथे पिवळा, वाईट तिथे लाल. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही लाल रंग कळतो. मग ती पत्रकं घेऊन आरोग्य केंद्रावर, तालुक्याला, जिल्ह्याला जनसुनवाई.

एक प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे. शाळेच्या पटांगणात मांडव होता. अधिकारी म्हणाले, "औषधांचा तुटवडा नाही." तेव्हा मागून एक बाई उठली. तिने साखरेच्या पिशवीतून बाहेरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. रबरबँड लावलेला, सगळ्या एकाच केंद्राच्या, सगळ्या एकाच वर्षाच्या. तिने तो टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता खाली बसली. साठ्याची वही मागवली गेली. निघालं काय, तर कित्येक महिने केंद्राकडून मागणीपत्रच वेळेवर गेलेलं नव्हतं! औषध तालुक्याच्या गोदामात पडून होतं. पुढल्या आठवड्यात आलं.

चिठ्ठ्या प्रत्येक घरात होत्याच. एकत्र कुणी ठेवल्या नव्हत्या. दारूच्या वेळी मतं मोजली म्हणून तुमचं म्हणणं ऐकावं लागलं. इथे अजून कुणी काही मोजलेलंच नाही.

---

आडगावचा_डॉक्टर

डोंगरवाट, त्या मांडवात समोरच्या खुर्चीवर मी बसलेलो आहे. म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

माझ्या केंद्रात डॉक्टरांची मंजूर पदं दोन, भरलेलं एक. ते एक म्हणजे मी. रात्री दोन बाळंतपणं करून सकाळी जनसुनवाईला गेलो, तर तीनशे लोकांसमोर एक माणूस ओरडला, "डॉक्टर झोपा काढतात!" टाळ्या पडल्या. घरी जाऊन मी बायकोला म्हणालो, उद्या राजीनामा देतो.

दिला नाही. का नाही दिला, तेही सांगायला हवं. पुढच्या वर्षी सुनवाईच्या आधी दोन कार्यकर्ते केंद्रावर आले, दिवसभर ओपीडीत बसून राहिले, आणि संध्याकाळी विचारलं, "साहेब, तुमच्या काय अडचणी आहेत?" त्या वर्षीच्या यादीतला पहिला प्रश्न होता : दुसरं पद रिकामं का? मी जिल्ह्याला तीन पत्रं पाठवली होती, एकाचंही उत्तर आलं नव्हतं. लोकांनी विचारलं तेव्हा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना माइकवर तारीख द्यावी लागली. दुसरा डॉक्टर आला.

ओवीताई, कुलूप दिसतं म्हणून लोक कुलपावर रागावतात. त्या खोलीत पाणी आहे का, वीज आहे का, एकट्या बाईने रात्री तिथे राहावं अशी जागा आहे का, हे आधी बघा. दारूचं दुकान तुम्हाला बंद करायचं होतं, शत्रू समोर होता. नर्सबाईंना तर तुम्हाला टिकवायचंय.

---

खडूफळा

डॉक्टरसाहेब, प्रतिसाद मनापासून आवडला. +१

सगळ्यांसमोर जाहीर विचारण्याची ताकद यावरून राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेची आठवण झाली. १९९४ पासून त्यांनी जनसुनवाया सुरू केल्या. दुष्काळी कामांची हजेरीपत्रकं मिळवायची आणि गावासमोर एकेक नाव वाचायचं. लोक उठून म्हणत, "मी त्या कामावर गेलोच नाही." कुणाच्या नावावर मजुरी उचललेली, कुठे न बांधलेल्या बंधाऱ्याचं बिल. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. घोषणा होती, "हमारा पैसा, हमारा हिसाब". २००५ चा माहिती अधिकार कायदा आला त्यामागे हे सगळं आहे.

तुमच्या समितीला वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी (गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा) मिळतो. त्याचं पासबुक ग्रामसभेत शेवटचं कधी वाचलं गेलं? सुरुवात तिथून करा. दुसऱ्याला हिशेब विचारण्याआधी आपला मांडावा, म्हणजे बोलण्याला वजन येतं.

---

पळसफूल

मी थोडा विरोधी सूर लावते.

आम्ही ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भलिंगनिदानाविरुद्ध रस्त्यावर होतो. स्त्री संघटना, काही डॉक्टर, विज्ञानवाले, सगळे एकत्र. दवाखान्यांसमोर निदर्शनं केली, लेख लिहिले, आमदारांच्या पायऱ्या झिजवल्या. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. १९९४ मध्ये केंद्राचा आला. आम्ही पेढे वाटले.

आणि मग? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या. २००१ ला ९१३. २०११ ला ८९४. कायदा झाल्यावर आमच्यातल्या निम्म्याजणी दुसऱ्या कामांकडे वळल्या, मीही त्यातलीच. सोनोग्राफीची यंत्रं मात्र तालुक्यातालुक्यात पोचली. मशीन कुठे आहे, फॉर्म भरले जातात का, कोण तपासतं, हे वर्षानुवर्षं बघत राहायला हवं होतं. त्या कामाला गर्दी जमत नाही, आणि म्हणून ते राहून गेलं. हे मला अजून सलतं.

ओवीताई, दुकान एकदा बंद केलं की बंद. दवाखाना रोज सकाळी उघडावा लागतो. चार महिने फिरणाऱ्या बायका मिळतील. चार वर्षं दर महिन्याला एक वही भरणाऱ्या दोघीजणी आहेत का, ते आधी शोधा.

---

डोंगरवाट

पळसफूल, शब्दाशब्दाला सहमत. आमच्याकडेही ज्या गावांत पाठपुरावा सुटला तिथे हिरवं झालेलं पत्रक परत पिवळं झालेलं मी पाहिलं आहे.

---

टेम्सकाठची

मी नाशिकची, पंधरा वर्षं इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथली सरकारी आरोग्यसेवा वेगळी, पैसा वेगळा, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते.

केट ग्रेंजर नावाची इथली एक तरुण डॉक्टर होती. तिला कर्करोग झाला. २०१३ मध्ये ती स्वतः रुग्णालयात भरती असताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला हात लावणारे कितीतरी लोक आपलं नावसुद्धा सांगत नाहीत. तिने आणि तिच्या नवऱ्याने मोहीम सुरू केली : रुग्णाजवळ गेलात की आधी म्हणा, "नमस्कार, माझं नाव अमुक." बस, एवढंच. कुणाचा आदेश नव्हता. आमच्या वॉर्डातल्या सफाई करणाऱ्या मावशींपासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळ्यांच्या छातीवर ते पिवळे बिल्ले आले. २०१६ मध्ये केट गेली, बिल्ला अजून माझ्या गणवेशावर आहे.

केटची मोहीम सुरू झाली त्याच वर्षी, २०१३ मध्ये, इथे 'चेंज डे' पण झाला. कर्मचाऱ्यांनी आपणहून ठरवायचं, मी माझ्या कामात अमुक एक बदल करीन. एका बालरोगतज्ज्ञाने म्हणे मुलांना देतो ती औषधं स्वतः चाखून बघायचं ठरवलं. लाखाच्या वर संकल्प नोंदले गेले.

---

खडूफळा

टेम्सकाठची, केटची गोष्ट मनाला भिडली. पण संकल्पांच्या दिवसाला चळवळ म्हणावं का? वरिष्ठांच्या परवानगीने, पगारी वेळेत, कुणालाही न दुखावता. चळवळ म्हणजे ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला काहीतरी सोडायला लावणं. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीबाधितांनी सरकारला कोर्टात खेचलं आणि २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाकडून गरोदर बायांसाठी औषध मिळवलं, ती चळवळ.

---

टेम्सकाठची

खडूफळा, तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. कोर्टाने औषध दिलं. ते देणाऱ्या नर्सने रुग्णाकडे तिरस्काराने बघितलं तर बाई परत येईल का? दक्षिण आफ्रिकेतल्या त्या कार्यकर्त्यांनी 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' छापलेले टीशर्ट घातले आणि वस्त्यावस्त्यांत बसून लोकांना आजार, औषध समजावून सांगितलं. कोर्ट आणि वस्ती, दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. दवाखान्याच्या आतली माणसं बदलल्याशिवाय बाहेरून आलेला आदेश टेबलापाशीच थांबतो. हे मी दोन्ही देशांत पाहिलंय.

---

सुपारी

अवांतर : औषध चाखणाऱ्या डॉक्टरांना आमच्या लहानपणीच्या एरंडेलाचा एक चमचा पाठवायला हवा. एका दिवसात बदल झाला असता!

---

आशाची_लेक

माझी आई आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) आहे, तेरा वर्षं. मी इथे कधी लिहीत नाही, आज लिहिते.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. आईच्या ग्रुपवर सगळ्यांनी फुलांचे फोटो टाकले. आणि त्याच बायकांना मोबदल्यासाठी २०२३ मध्ये संपावर बसावं लागलं. रात्री दोनला फोन वाजला की आई अंधारात चप्पल शोधते, बाबांची झोप मोडू नये म्हणून लाइट लावत नाही. परतायला सकाळ होते. येताना बसचे पैसे कधी कधी तिचेच असतात.

तुम्ही सगळे चळवळी, चळवळी म्हणता. आशांचा संप ही आरोग्याची चळवळ नाही का? त्या उपाशी राहून गावाचं आरोग्य सांभाळणार आणि गाव त्यांना विचारणार, "पत्रक लाल का?"

ओवीताई, एक विचारते. त्या रात्री जीपमध्ये तुमच्या सुनेबरोबर आशा होती का?

---

ओवी६१

होती. पूर्ण वाट तिने सुनेचा हात धरला होता. तिची छत्री आमच्या ओसरीत राहिली, तिसऱ्या दिवशी ती न्यायला आली तेव्हा मी तिला चहासुद्धा विचारला नाही, बाळाच्या गडबडीत होते. आणि वर एवढं लिहिलं त्यात तिचा उल्लेखही केला नाही.

बाळ, तू विचारलंस ते बरं केलंस. आज संध्याकाळी तिच्याकडे जाते.

---

मोहाचं_फूल

गडचिरोलीकडचा आहे, म्हणून ओवीताईंच्या दोन्ही गोष्टी जवळच्या वाटल्या. आमच्या जिल्ह्यात लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. त्यात पुढे असलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग नवजात बाळांचं कामही करत होते. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं : बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आज आशा घरी येऊन बाळ बघते, त्याच्या मुळाशी हे काम आहे. म्हणजे आशाची_लेक, तुझ्या आईच्या हातातल्या त्या वजनकाट्याचा धागा आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो.

दवाखाना कसा हवा, हेही त्यांनी आदिवासींनाच विचारलं होतं. लोकांनी सांगितलं की मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना राहू देत नाहीत, आणि आमचा देव तिथे नाही. म्हणून झोपड्यांसारख्या खोल्या बांधल्या आणि नाव ठेवलं दंतेश्वरी देवीचं. तुमच्या उपकेंद्रात काय असायला हवं, हे बायकांना कुणी विचारलंय का?

---

निळीशाई

छान चर्चा. पण गावातले निम्मे लोक खाजगीतच जातात, त्याचं काय? तिथे कसली जनसुनवाई?

---

पळसफूल

निळीशाई, तिथेही हातात काही आहे, लोकांना माहीत नसतं एवढंच. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. पुढच्या वेळी कुणाला भेटायला गेलात की भिंतीकडे बघा, सनद लागली आहे का. नसेल तर काउंटरवर विचारा. एकाने विचारलं तर बघतील नुसतं. महिन्यात वीस जणांनी विचारलं तर लावतील.

पण ओवीताईंचा प्रश्न उपकेंद्राचा आहे, तिकडे परत येऊ या.

---

ओवी६१ (अडीच महिन्यांनी)

धागा वर काढतेय. काय काय झालं ते सांगायचं आहे.

आधी आशाताईकडे गेले. मग आम्ही दोघी मिळून नर्सबाईंकडे गेलो. आडगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं राहायची खोली बघितली. पत्र्याला तीन भोकं, खाली दोन पातेली ठेवलेली. संडासाला कडी नाही. दाराचं कुलूप त्यांनी स्वतःच्या पैशाने आणलेलं. बाईंचं मूल चार वर्षांचं, त्याला घेऊन तिथे राहायचं कसं? मला त्या रात्रीच्या माझ्या रागाची लाज वाटली.

मग ग्रामसभेत खडूफळांच्या सल्ल्याप्रमाणे आमच्या समितीचं पासबुक मी स्वतः वाचलं. आदल्या वर्षी सतरंज्या आणि एक कपाट घेतलं होतं, कपाट कुणाच्या घरी आहे ते लोकांनीच सांगितलं. थोडी आरडाओरड झाली. कपाट दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात आलं.

दारूबंदीच्या जुन्या मैत्रिणींना बोलावलं. त्यातल्या अकरा आल्या. आम्ही घरोघर जाऊन एवढंच विचारलं की गेल्या दोन वर्षांत बाळंतपणाला कशातून गेलात आणि किती पैसे दिले. ४३ बाळंतपणं, त्यातली २६ खाजगी गाडीने. गरोदर बाईला घरून दवाखान्यात न्यायची आणि परत आणायची सोय २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, हे २६ पैकी एकीलाही माहीत नव्हतं. सगळे पैसे बेरजेला घेतले तेव्हा सरपंच म्हणाले, "एवढ्यात पत्रा झाला असता की!" पत्रा झाला, कडी झाली, पंचायतीच्या खर्चाने. तालुक्याच्या बैठकीला ती यादी घेऊन आम्ही सहाजणी गेलो, नर्सबाई आमच्याबरोबर. रात्रीच्या गाडीचा प्रश्न त्यांनी मांडला, आकडे आम्ही वाचले.

आता बाई आठवड्यात चार रात्री मुक्कामी असतात. गाडीचं अजून पक्कं झालेलं नाही. पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला लेखी उत्तर देऊ म्हणालेत. बाहेरच्या चिठ्ठ्या आशाताईच्या घरी एका डब्यात गोळा होतायत.

---

आडगावचा_डॉक्टर

ओवीताई, आठ तारखेला उत्तर आलं नाही तर नऊला परत जा. अकराजणी जा. आणि गाडी बोलावलेल्या प्रत्येक वेळी फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता आली, हे लिहून ठेवा. त्याशिवाय वरचे लोक "एखादी केस" म्हणून सोडून देतात.

---

आशाची_लेक

आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती विचारतेय, तुमच्या वहीत रकाने कोणकोणते आहेत? तिलाही सुरू करायची आहे.

---

ओवी६१

आईला नमस्कार सांग. रकाने सात : नाव, तारीख, फोन किती वाजता, गाडी किती वाजता, बरोबर कोण, खर्च किती, बाहेरची चिठ्ठी होती का. 'बरोबर कोण' हा तुझ्या प्रश्नामुळे वाढवला. दोनशे पानी वही घे, आडवी आखायला सोपी जाते.